आधी मोठ्यांचं वजन

आमच्या दवाखान्यात दोन कपाटं आहेत. एकात पोरांच्या फाइली, दुसऱ्यात औषधं. किश्श्यांसाठी तिसरं कपाट मागितलं तर स्टोअरवाला मला वेड्यात काढेल, म्हणून मी ते फाइलीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवते. पुढच्या बाजूला वजन, उंची, रक्ताचे रिपोर्ट. मागच्या बाजूला कोण काय म्हणालं ते. पुढची बाजू सर वाचतात, मागची मी. बावीस वर्षांत हा ढीग इतका झालाय की एखादी फाइल शोधायला जावं आणि तिथेच स्टुलावर बसून हसत राहावं. आणि खरं सांगू का, पुढच्या बाजूला जे सापडत नाही ते कधीकधी मागच्या बाजूला आपणच लिहून ठेवलेलं असतं. फक्त वाचायचं सुचत नाही.

मी आहारतज्ज्ञ. धुळ्यातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात दर बुधवारी आमची 'गहू बंद' ओपीडी असते. आजाराचं नाव सीलिएक. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा असतो, ज्याच्यामुळे पोळी तुटत नाही, तोच या पोरांच्या आतड्याला सोसत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट फुगतं, वजन वाढत नाही. औषध एकच, गहू आयुष्यभर बंद. चिमूटभरसुद्धा चालत नाही. आता खान्देशात हे सांगायचं म्हणजे बघा. एरवी भाकरी खाणारी माणसं, पण लग्न म्हटलं की वरण-बट्टी, पाहुणा म्हटला की पोळी, लाड म्हटला की बिस्कीट!

बुधवारी आम्ही तिघं असतो. सर, म्हणजे आमचे डॉक्टर. मी. आणि काट्यावरची सुभद्राअक्का. अक्का वजन घेते, उंची मोजते आणि येणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते. पगार फक्त पहिल्या दोन कामांचा मिळतो.

*

सरांचा एक नियम आहे. नवीन पोर आलं की आधी घरच्या मोठ्यांचं वजन. आई, बाप, आजोबा, जो कोणी सोबत असेल तो काट्यावर. लोकांना वाटतं डॉक्टर सटकलेत. सर शांतपणे सांगतात, "घराण्यातून पोराकडे दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, हा आजार होण्याची शक्यता. दुसरी, अंगाची ठेवण, म्हणजे मूळचं जाड की बारीक. गहू बंद केला की आजार आवरतो, ठेवण नाही बदलत. मला पोराचं वजन कुठवर जाईल ते बघायचंय, म्हणून आधी तुमचं."

दोंडाईच्याचे एक शेठ आले होते मुलाला घेऊन. मुलगा काडी आणि शेठ भरदार. काट्यावर चढायच्या आधी शेठनी मोबाइल काढला. मग घड्याळ, मग पट्टा, मग किल्ल्यांचा जुडगा. मग गळ्यातली साखळी काढायला लागले तेव्हा अक्का म्हणाली, "भाऊ, आते फक्त संसार उतारना बाकी ऱ्हायना."

वजन झालं की अक्का चिठ्ठी लिहिते, ती माझ्याकडे येते आणि मी फाइलीला टाचते. चिठ्ठ्या छापील आहेत, आणि लहान मुलांच्याच आहेत. बाळाचं नाव, आईचं नाव, वजन, उंची. मोठ्यांसाठी वेगळ्या छापून घ्या असं मी तीनदा सांगून पाहिलं. मग काय, मोठ्यांची नावंही 'बाळाचं नाव' या रकान्यात, आणि 'आईचं नाव' रिकामं. शेठनी आपली चिठ्ठी वाचली. "अक्का, बाळ म्हणजे मी?"

"काटावर उभा ऱ्हायनात म्हंजे बठ्ठा बाळच," अक्का म्हणाली. तिच्या लेखी काट्यावर सगळे सारखेच.

गहू बंद केल्यावर त्यांच्या मुलाचं वजन असं काही सुटलं की सात महिन्यांत सरांनी त्याचे फरसाण आणि लाडूही कमी करायला लावले. शेठ हिरमुसले. म्हणाले, "बारीक होता तोवर सगळे म्हणायचे आईवर गेलाय. आता जाड झाला तर माझ्यावर!"

*

समीक्षा नरडाण्याहून यायची. पहिल्यांदा आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि वजन तेरा किलो. पोट पुढे, हातपाय बारीक आणि डोळे मात्र टपोरे. सोबत आई, रत्ना. बाप दीपक तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत शिफ्टला, त्यामुळे तो काही यायचा नाही. घरात चौथे आबा, दीपकचे वडील, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले.

रत्नाचं वजन झालं, बावन्न. सरांनी फाइलीवर लिहिलं, 'घरातल्या बाकीच्यांची वजनं आणि रक्त बाकी.' हे 'बाकी' पुढे पाच महिने तसंच राहिलं. दर वेळी सर विचारायचे, आणि दर वेळी रत्ना म्हणायची, "त्यास्नी ड्युटी शे, सर." आबांचं विचारलं की म्हणायची, "आबा ठणठणीत शेतस. दवाखानानं नाव काढं तरी चिडतस."

मी रत्नाला गव्हाची यादी दिली. रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, कुरडई, टोस्ट. तिने यादी घडी न घालता हातात धरून नेली, चुरगळू नये म्हणून. अशी आई मिळाली की निम्मं काम झालं असं मी समजते.

पोरांना मी आईच्या मागे एकेकटं विचारते, कारण आई सांगते ते आणि पोर खातं ते यात फरक असतो. समीक्षाला विचारलं, घरी काय जेवतेस? "भाकर." पोळी? "नाही." कोण जेवू घालतं? "आबा. मी आबांच्या मांडीवर बसते. आबा मला भाकरीचा घास देतात आणि मग आबा त्यांचं खातात." मला इतकं गोड वाटलं ते. मी पेन्सिलीने मागे लिहिलं, 'आबा भरवतात.' आणि पुढे एक फूल काढलं.

*

पहिल्या महिन्यात सातशे ग्रॅम वाढले. आम्ही खूश. दुसऱ्या महिन्यात शंभर. नंतर काटा जो थांबला तो थांबलाच. तिसरा महिना, चौथा महिना, तेरा किलो आठशे. रक्तातला आकडाही खाली यायला तयार नाही. म्हणजे कुठून तरी गहू पोटात जातोय.

मी रत्नाची उलटतपासणी घेतली. ती एकेक सांगत गेली. "तवा येगळा ठेवेल शे, मॅडम. पोळपाट येगळा. डबा येगळा." गिरणीत गव्हाच्या दळणानंतर ज्वारी दळली की तिच्यात गहू मिसळतो हे तिला मीच सांगितलं होतं. गिरणीवाला रोज दगड पुसून कुठे देणार? तर या बाईने शेजारणीच्या मागल्या दारी उलटं पडलेलं जातं मागून आणलं. नरडाण्यात, आजच्या काळात, ती रोज पहाटे मुलीपुरतं जात्यावर दळत होती. तिने तळहात दाखवले. मी पुढचा प्रश्न गिळला.

पण शंका मलाही होती. खोटं कशाला बोलू? पोरगी रडली की ही देत असेल एखादं बिस्कीट, असं माझ्या मनात आलं होतं. आम्हा दवाखान्यातल्या लोकांना आईवर शंका घ्यायची सवय लागलेली असते, आणि ती फार वाईट सवय आहे.

त्या दिवशी उठता उठता रत्ना म्हणाली, "मॅडम, जूनपावत वजन वाढनं नही तर ताई समीक्षाले जळगाव लई जानार शे." ताई म्हणजे शोभाताई, दीपकची मोठी बहीण, दिली जळगावला. तिने भावाला फोनवर सांगून टाकलं होतं की आईला पोरगी पोसता येत नाही, शिवाय हा आजारही तिच्याच माहेरचा, आमच्या घराण्यात असलं काही नाही. पोरगी माझ्याकडे द्या, पहिलीत जळगावलाच घालते. दीपक 'नाही' म्हणाला नव्हता.

"सर काही तरी करतील," मी म्हटलं. 

*

मध्ये एक चाळीसगावची बाई आठवते. तिच्याही मुलाचं वजन अडलेलं. घरात गव्हाचा दाणा नाही, मुलगा बाहेरचं खात नाही, देवळातला शिरासुद्धा तो नको म्हणतो. मी सगळं विचारून थकले. शेवटी वैतागून म्हटलं, आता स्वयंपाकघरच घेऊन या. तर ती खरंच पुढच्या बुधवारी दोन पिशव्या भरून डबे, बाटल्या, पुड्या घेऊन आली. माझ्या टेबलावर मोहरीपासून पापडखारापर्यंत सगळं मांडलं. सर डोकावून म्हणाले, "दुकान टाकलं का?"

त्यात हिंगाची डबी होती. मी सहज मागचं बारीक अक्षरातलं वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ! रोजच्या फोडणीला रोज चिमूटभर. बावीस वर्षं यादी वाटणाऱ्या माझ्या यादीत हिंग नव्हता. मी त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही तरी काय काय वाचणार?" आणि सगळे डबे पुन्हा पिशवीत भरून एसटीने परत गेली.

मी लगेच नरडाण्याला फोन लावला. रत्ना म्हणाली, "हिंग तं मी पहिल्या दिवशीच बंद करा, मॅडम. डबीवर लिखेल व्हतं."

*

एप्रिलमध्ये रत्ना-समीक्षासोबत एकदाचे दीपक आणि आबा आले. शोभाताईचा जून जवळ येत होता आणि आबांना नात जायला नको होती, म्हणून ते मुलाला शिफ्ट बदलून घ्यायला लावून घेऊन आले. 'जय भीम' म्हणून हात जोडून आबा आत आले आणि न सांगता चपला काढून काट्यावर चढले. उंच माणूस, ताठ कणा. वजन त्रेचाळीस किलो. अक्काने काटा बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा त्रेचाळीस. मग दीपक. अठ्ठेचाळीस.

सरांनी आबा, दीपक आणि समीक्षा अशा तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. "घराणंच बारीक आहे हो," ते म्हणाले. "आबा, तुम्ही पहिल्यापासून असेच?"

"मी जलमभर असाच शे," आबा म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई लोकांकडे कामाला जायची. घरोघरी उरलेल्या पोळ्या तिला मिळायच्या. "माय सोता ज्वारीनी भाकर खाये आनि पोया मले दे. एकुलता एक ना मी. तरी मना अंगवर मास नही. गल्लीमा बाया म्हनेत, पोरना तोंडनं काढी खास ही. तिले फार बोल लागेत. मी रेल्वेमा लागनू तवय ती गयी. तवय बी मी काडीच व्हतो."

रत्ना भिंतीकडे बघत होती.

सर म्हणाले, "बघ रत्ना, तुझी काही चूक नाही. पोरगी आजोबांवर गेली आहे. रक्तातला आकडा अजून थोडा आहे, तो उतरेल हळूहळू. तुम्हा सगळ्यांचं रक्तही देऊन जा." आबा म्हणाले, मले काय व्हयनं शे? दीपकला पाचची शिफ्ट गाठायची होती. रक्त पुन्हा बाकी राहिलं. पण आम्ही सगळे हलके झालो होतो. रत्नाने जाताना मला नमस्कार केला आणि तो मी घेतला, याची मला आजही लाज वाटते.

*

मेच्या शेवटच्या बुधवारी शोभाताई आल्या. एका हातात समीक्षा, दुसऱ्या हातात समीक्षाच्या कपड्यांची भरलेली बॅग. मागे आबा, आणि त्यांच्याही मागे रत्ना, डोळे सुजलेले.

"डॉक्टर," शोभाताई म्हणाल्या, "मी हिला जळगावला नेते आहे. आहाराचं सगळं लिहून द्या, मी बघते वजन कसं वाढत नाही ते."

सर म्हणाले, "ताई, मी दीपकला सांगितलंय. वजन फार वाढणार नाही कदाचित. घराणंच बारीक आहे."

"कोण म्हणतं?" शोभाताई कडाडल्या. "मी काय दुसऱ्या घराण्यातली आहे का? मी बारीक दिसते तुम्हाला?"

दारात अक्का उभी होती. तिला भांडणाशी देणंघेणं नव्हतं, तिला नियम माहीत होता. "ताई, आधी काटावर."

"मी कशाला?"

"आठे जो येस तो चढस."

शोभाताई तणतणत बॅगेसकट चढल्या. अक्काने बॅग काढून घेतली. अठ्ठ्याहत्तर. अक्काने चिठ्ठी लिहिली, 'बाळाचं नाव: शोभाबाई', आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

सर चिठ्ठीकडे बघत राहिले. मग त्यांनी फाइलीतून आबांची चिठ्ठी काढून शेजारी ठेवली, मग दीपकची. आणि एकदम विचारलं, "ताई, तुम्ही आबांच्या सख्ख्या?"

"मग काय रुळावर सापडले?"

"आणि तुमची आई कशी होती अंगाने?"

"माझ्यासारखीच. आणि आबांची आई, आमची आजी, तीही थोराड होती म्हणतात. आबाच तेवढे असे."

"असे" म्हणजे उंच, रुंद हाडाचे आणि त्रेचाळीस किलो. सर उठून आबांच्या पुढ्यात स्टूल घेऊन बसले. "आबा, पोट फुगतं का हो?"

"फुगस ना."

"कधीपासून?"

"पह्यलेपासून. मानूसनं पोट फुगसच ना?" आबांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना खरंच वाटत होतं की सगळ्यांचं फुगतं.

मग एकेक निघत गेलं. रक्त कायम कमी. रेल्वेच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं दिलेल्या लाल गोळ्या. दीपकही संध्याकाळी घरी आला की आडवा होतो. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "मी फूटपट्टीच मोडकी घेतली. आजाऱ्याच्या मापाने पोरगी मोजली."

मी फाइल उलटी केली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आबा भरवतात,' आणि पुढे फूल. मी विचारलं, "आबा, तुमच्या ताटात काय असतं?"

"पोयी. रेल्वेमा लागनू तवयपासून आमना घरमा रोज पोयी."

"आणि समीक्षाला घास त्याच हाताने?"

"मग कोन्ता हातघाई भरावसू?" आबा म्हणाले. आणि मग त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावरून उचलून मांडीखाली सारला. रत्ना पुढे आली आणि म्हणाली, "आबा, तुमले काय माहीत व्हतं?" इतका वेळ तिच्यावर जे चाललं होतं, त्यातलं एक अक्षरही तिने त्यांच्यावर उलटवलं नाही.

*

त्या दिवशी सगळ्यांचं रक्त घेतलं, शोभाताईंचंसुद्धा. तपासण्या पूर्ण होईपर्यंत आबांनी आणि दीपकने पोळी सोडायची नव्हती, नाहीतर रिपोर्टमध्ये आजार दिसत नाही. फक्त नातीला भरवायचं नाही. गहू खा असं आमच्या ओपीडीत सांगितलेला आबा हा पहिला माणूस.

आबा आणि दीपक, दोघांनाही आजार निघाला. पुढच्या तपासण्या मोठ्यांच्या डॉक्टरांकडे झाल्या, तिथेही तेच. रत्नाचं रक्त साफ, शोभाताईंचंही. सरांनी शोभाताईंना समजावलं की आजाराचा धागा तुमच्या माहेरच्याच घरातून आलाय, आबांकडून दीपककडे, दीपककडून समीक्षाकडे. तुमच्यापर्यंत तो आला नाही, किंवा आला तरी गप्प बसला. मूळची ठेवण मात्र तुमच्यात दिसते, आजार नाही म्हणून दिसते. शोभाताईंनी आबांचा रिपोर्ट हातात घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्याच घरातलं."

त्यांनी माफी मागितली नाही. तसा स्वभावच नाही त्यांचा. पण मधल्या काळात त्यांच्याकडेच राहिलेली समीक्षाची बॅग घेऊन त्या सरळ नरडाण्याला गेल्या आणि आठ दिवस राहिल्या. दोघींनी मिळून स्वयंपाकघर धुतलं, डबे उन्हात टाकले, जुना पोळपाट सरपणात घातला. रत्नाने फोनवर सांगितलं, "ताईनी आज जातावर दळं, मॅडम. हातले फोड उठनात त्यास्ना." आणि आठ दिवसांनी जळगावला परत निघाल्या तेव्हा घरातला वर्षाचा गहू गाडीत घालून घेऊन गेल्या. पोरगी न्यायला आलेली बाई गव्हाची गोणी घेऊन गेली!

*

समीक्षा नरडाण्याच्याच शाळेत पहिलीत बसली. आता घरात एकच तवा, एकच पीठ आणि आबांच्या मांडीवर एकच ताट. जुलैत ती पंधरा किलो झाली. दिवाळीच्या आत साडेसतरा. सर आता तिच्या चिठ्ठीकडे बघून मान डोलावतात आणि म्हणतात, "आत्यावर जाणार ही." अक्का म्हणते, "बोलनामा बी."

आबा दर वेळी सोबत येतात. दोघांची काट्यावर शर्यत असते. समीक्षा आधी चढते, मग आबांना हात धरून चढवते आणि खाली वाकून आकडा मोठ्याने वाचते. त्रेचाळीसचे पंचेचाळीस झाले, पंचेचाळीसचे सत्तेचाळीस.

दिवाळीनंतरच्या बुधवारी आबा काट्यावर चढले. समीक्षाने वाचलं, "पन्नास!" रांगेतल्या बायकांनीसुद्धा बघितलं. आबांच्या गालांवरचे खड्डे भरले होते आणि शर्ट खांद्यावर नीट बसला होता. ते काट्यावरून उतरेनात. अक्का म्हणाली, "आबा, व्हयनं. उतरा आते." मग उतरले.

अक्काने चिठ्ठी लिहिली. ती घेऊन आबा माझ्या टेबलाशी आले. मी टाचायला हात पुढे केला तर त्यांनी दिली नाही. चष्मा लावून वाचत होते. मग परत अक्काकडे गेले.

"अक्का, आठे एक जागा खाली ऱ्हायनी," म्हणत त्यांनी रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

अक्काने पाहिलं. "ते मोठास्नं भरतस नही, आबा."

"भरा ना."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पेन उघडलं. "काय लिखू?"

"सोनाबाई," आबा म्हणाले.

अक्काने 'आईचं नाव' या रकान्यात सावकाश लिहिलं. आबांनी शाई वाळेपर्यंत चिठ्ठी हातात धरली, घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग समीक्षाला म्हणाले, "चाल, घर जाऊत."

त्या बुधवारची आबांची चिठ्ठी आमच्या फाइलीत नाही. अक्काने ती परत मागितली नाही, आणि मीही नाही.